कंपनीच्या पैशाने एमटेक करावं का? सात वर्षांचा हिशेब

विचारणारी मुलगी सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एल अँड टीच्या 'बिल्ड इंडिया' शिष्यवृत्तीची लेखी परीक्षा ती पास झाली असून मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. बाबा म्हणतात, आयआयटी फुकटात मिळतेय, डोळे झाकून घे. वर्गातली मुलं म्हणतात, पाच वर्षांच्या बाँडमध्ये अडकशील. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेचा अभ्यास अर्धा झालाय आणि काकांचा आग्रह एमपीएससीचा आहे. शेवटी तिने विचारलंय, 'मुलगी म्हणून साइटवर कितपत जमेल? तुम्ही स्वतः कंपनीच्या शिष्यवृत्तीवर एमटेक केलंय, तर खरं काय ते सांगा.'

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. प्रत्यक्ष बांधकामात, म्हणजे पूल, मेट्रो, धरण, उंच इमारती अशा कामांवर उभं राहायची हौस असेल तर घे. स्ट्रक्चरल डिझाइन, सरकारी नोकरी किंवा संशोधन यांपैकी काही मनात पक्कं असेल, तर आयआयटीच्या नावासाठी घेऊ नकोस. 'बघू, मिळतेय तर घेऊ' असं म्हणून घेतलेल्यांचे हाल मी पाहिलेत. पाच वर्षं ते दर महिन्याला बाँडचे राहिलेले दिवस मोजत असतात.

मी एल अँड टीची विद्यार्थिनी नव्हे. मला दुसऱ्या एका बांधकाम कंपनीने एमटेकला पाठवलं होतं. तिच्याबद्दल पुढे थोडं कडू लिहिणार आहे, म्हणून नाव घेत नाही. त्यानंतर पाया, पूल आणि मेट्रोच्या कामांवर बरीच वर्षं गेली, आणि हल्ली अशाच मुलाखतींत टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसते.

योजना काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण तुझ्या बाबांना ती नीट कळलेली दिसत नाही. एल अँड टी १९३८ साली मुंबईत दोन डॅनिश अभियंत्यांनी सुरू केली. तिच्या बांधकाम व्यवसायाचं मुख्यालय मात्र चेन्नईत मनपाक्कमला आहे, आयआयटी मद्रासपासून फार दूर नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने आयआयटी मद्रास आणि आयआयटी दिल्लीसोबत 'कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी अँड मॅनेजमेंट' हा एमटेकचा अभ्यासक्रम प्रायोजित करायला सुरुवात केली. पुढे सुरतकल आणि तिरुचिरापल्लीच्या एनआयटी त्यात आल्या. पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं निवडायची, त्यांची फी कंपनीने थेट संस्थेला भरायची, चोवीस महिने स्टायपेंड द्यायचा आणि पदवी मिळाली की त्यांना पाच वर्षांच्या बाँडवर, म्हणजे तेवढी वर्षं नोकरी न सोडण्याच्या करारावर, कामावर घ्यायचं, अशी ही रचना आहे. गेटची अट नाही.

कंपनी हे का करते? बीई झालेली पोरं कॅम्पसमधून घेतली की दोन-तीन वर्षांत त्यातली निम्मीशिम्मी गळतात. कुणी गेटला, कुणी एमबीएला, कुणी पुण्यात एमपीएससीच्या अभ्यासिकेत. साइट इंजिनिअर हवे तितके मिळतात. करार, वेळापत्रक आणि काँक्रीट या तिन्हींची समज असलेला आणि टिकून राहणारा मधल्या फळीचा माणूस मिळत नाही. तो घडवण्यासाठी कंपनी ही गुंतवणूक करते. बाबांना हे जरूर सांग. कंपनी तुला नोकरीवर घेतेय, फरक इतकाच की त्या नोकरीची पहिली दोन वर्षं वर्गात जातात. म्हणजे तुला सात वर्षांचा विचार करायचा आहे.

आता 'फुकटात' या मुद्द्याकडे येऊ. गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत बिल्ड इंडियाचा स्टायपेंड महिन्याला १३,४०० रुपये आहे. गेट देऊन आयआयटी किंवा एनआयटीत एमटेकला गेलीस, तर केंद्र सरकारकडून महिन्याला १२,४०० रुपये मिळतात आणि त्या बदल्यात आठवड्याला आठ तास प्रयोगशाळा, ट्यूटोरियल वगैरे काम करावं लागतं. फरक महिन्याला हजार रुपयांचा. चोवीस महिन्यांचे चोवीस हजार, वर फी. ही रक्कम छोटी नाही, पण आयुष्याची पाच वर्षं ठरवावीत इतकी मोठीही नाही. बीईनंतर सरळ नोकरीला लागलीस तर या दोन वर्षांत स्टायपेंडपेक्षा जास्तच कमावशील. म्हणून पैशावरून हा निर्णय घेऊ नकोस. ज्या घरात कर्जाचा हप्ता चालू आहे, तिथे गोष्ट वेगळी. तिथे दर महिन्याला नक्की येणारा पैसा आणि पुढची नक्की नोकरी याला किंमत आहे, आणि ती मी कमी लेखणार नाही.

तुला खरोखर मिळतात त्या गोष्टी दोन. एक, गेटची अनिश्चितता टळते. दुसरी, एमटेकच्या शेवटी नोकरी शोधावी लागत नाही. हे दुसरं मंदीच्या वर्षी फार मोलाचं असतं. बांधकामाचा बाजार सरकारी खर्चावर आणि बँकांच्या कर्जावर चालतो, आणि मंदीचा पहिला फटका नवीन भरतीलाच बसतो.

सोडतेस काय, तेही मोज. आयआयटीत राहून कॅम्पस प्लेसमेंटला बसता येणार नाही. सल्लागार कंपन्या, बँका, विदा विश्लेषणवाल्या कंपन्या येतील आणि शेजारच्या खोलीतली मुलगी इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला जाईल. शिवाय विषय निवडायची मुभा जाते, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. गेटमधून गेलीस तर स्ट्रक्चर्स, जिओटेक, जलस्रोत, वाहतूक यांतलं हवं ते घेता येतं. इथे बांधकाम व्यवस्थापन हाच विषय. तुला स्टाड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर मॉडेल करताना वेळेचं भान राहत नसेल, भूकंप अभियांत्रिकीचे पेपर तू आवडीने वाचत असशील, तर ही शिष्यवृत्ती तुझ्यासाठी नाही. या एका कारणासाठी नाही म्हणालीस तरी मला ते पटेल.

बांधकाम व्यवस्थापनच शिकायचं असेल तर स्वतःच्या खर्चाचा रस्ताही आहे. बांधकाम उद्योगानेच १९८३ मध्ये उभी केलेली निकमार ही संस्था पुण्यात बालेवाडीला आहे. तिथे बंधन नाही, पण फी घसघशीत आहे आणि ती बहुतेक घरांत कर्ज काढूनच भरली जाते. बाँड तिथेही असतो म्हण ना, फक्त तो बँकेच्या नावे.

बाँडबद्दल हॉस्टेलमध्ये दोन अफवा कायम फिरतात. पहिली, 'बाँड मोडला तर जेलमध्ये टाकतात.' दुसरी, 'बाँड कोर्टात टिकतच नाही.' दोन्ही चुकीच्या. बाँड हा दिवाणी करार आहे. तुला जबरदस्तीने कामावर बसवा, असा आदेश कोर्ट देत नाही, वैयक्तिक सेवेच्या करारांना तसा उपाय कायद्यातच नाही. कंपनी पैसे मागू शकते. किती? भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. पण म्हणून बाँड पोकळ ठरत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. असं बंधन नोकरी चालू असतानाचं असतं, नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला ते मनाई करत नाही, म्हणून त्याने कलम २७ चा, म्हणजे कामधंद्याला मनाई करणारे करार रद्द ठरवणाऱ्या कलमाचा, भंग होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ती सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्च हाही एक मुद्दा होता. कंपनीने तुझ्या दोन वर्षांच्या शिक्षणावर खर्च केलाय हे तर कागदोपत्रीच सिद्ध होणार, त्यामुळे तिची बाजू आणखी भक्कम. एक बारीक गोष्टही लक्षात ठेव. बाँडच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. कुणी हिशेबात अठरा टक्के वर लावलेच, तर ते परिपत्रक दाखवायचं.

हेच कलम ७४ तू एमटेकच्या दुसऱ्या सत्रात पुन्हा भेटशील, ठेकेदाराला उशीर झाला तर कापायच्या नुकसानभरपाईच्या धड्यात.

थोडं विषयांतर करते. विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारच्या मदतीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले. १८८३ च्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. पुढची दोन दशकांहून जास्त वर्षं त्यांनी मुंबई इलाख्याला दिली. म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून ते पोहोचले १९०९ मध्ये. म्हैसूरने पाच वर्षांचा बाँड लिहून घेतला असता तर १९०३ साली खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवायला ते असते की नसते, कुणास ठाऊक. आजच्या मनुष्यबळ विभागाला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

सही करण्याआधी बाँडचा मसुदा मागून घे आणि त्यात काही गोष्टी शोध. पाच वर्षं कुठल्या तारखेपासून मोजतात, रुजू झाल्यापासून की नोकरीत कायम झाल्यापासून? या दोन्हींत एक वर्षाचा फरक पडू शकतो. रक्कम दर वर्षी कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? व्याज आहे का, असेल तर कधीपासून? मूळ गुणपत्रिका कंपनी ठेवून घेते का? घेत असेल तर पावती घे, आणि शक्य असेल तर नम्रपणे नकार दे. जामीन कोण? बहुतेक ठिकाणी वडिलांची सही मागतात. म्हणजे तू नोकरी सोडलीस तर नोटीस घरी येते, गावात चर्चा होते, आणि दडपण तिथून सुरू होतं. हल्ली महाराष्ट्रात असा कागद पाचशेच्या स्टॅम्पवर होतो. तो वकिलाला दाखवायला लागणारे पैसे वाचवू नका.

तुझ्यासाठी आणखी एक प्रश्न आहे, आणि तो कुणी मुलगी विचारत नाही. मातृत्व रजा बाँडच्या काळात धरतात की बाँड तितका पुढे ढकलतात? कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तुझी बाँडची वर्षं साधारण चोवीस ते एकोणतीस या वयात येतात, म्हणजे हा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. मुलाखतीत विचारू नकोस. ऑफर आल्यावर मनुष्यबळ विभागाला ईमेलवर विचार आणि उत्तरही ईमेलवरच घे.

काकांच्या एमपीएससीबद्दल बोलायचं तर खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा ३८ आहे. बाँड संपवून तिथे वळायला वेळ शिल्लक राहतो. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत मात्र खुल्या गटाला तीस वर्षांची मर्यादा आहे. बाविसाव्या वर्षी बीई, चोविसाव्या वर्षी एमटेक, एकोणतिसाव्या वर्षी बाँड पूर्ण. म्हणजे हातात जेमतेम एक प्रयत्न, तोही साइटच्या बारा-बारा तासांच्या ड्यूटीत अभ्यास करून. रेल्वे किंवा केंद्रीय बांधकाम खातं हे स्वप्न असेल तर हा हिशेब आजच कर. गेटचा गुणांक तीन वर्षं चालतो, त्यामुळे या वर्षीचा गेट बाँड संपेपर्यंत टिकणार नाही. तरी मुलाखतीचा निकाल लागेपर्यंत गेटचा अभ्यास सोडू नकोस. लेखी परीक्षेनंतरही बरीच मुलं गळतात, आणि वैद्यकीय तपासणी व शेवटच्या सत्राचा निकाल या गाळण्या मुलाखतीनंतरच्या आहेत. शेवटच्या सत्रात एक विषय राहिला म्हणून हातातली जागा गेलेला मुलगा मी पाहिलाय.

आता खुद्द एमटेकबद्दल. पहिलं सत्र कंटाळवाणं वाटेल. संख्याशास्त्र, ऑपरेशन्स रिसर्च, लेखाशास्त्र, आणि तुला वाटेल की मी सिव्हिलची ना? कामांचं नेटवर्क काढायचं, क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्यावर अख्ख्या प्रकल्पाची मुदत ठरते ती कामांची साखळी, शोधायचा, मग तेच प्रायमाव्हेरात करायचं. सॉफ्टवेअर कुणीही शिकतं. शिकण्यासारखं असतं ते म्हणजे कुठली कामं खरोखर एकावर एक अवलंबून आहेत आणि कुठली केवळ सवयीने एकामागून एक ठेवली आहेत. फॉर्मवर्कचा, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला धरून ठेवणाऱ्या साच्याचा आणि टेकूंचा विषय मनापासून घे. सेंट्रिंग कोसळण्याचे अपघात आपल्याकडे थांबलेले नाहीत, आणि बीईत या विषयाला एखादा तास मिळतो. पण मला विचारशील तर सगळ्यात कामाचा विषय कराराचा. फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुना करारांची कलमं, मुदतवाढ, लवाद, क्लेम. साइटवर हिंडरन्स रजिस्टर नावाची एक वही असते. जागा ताब्यात मिळाली नाही, ड्रॉइंग उशिरा आलं, विजेची वाहिनी हलवली नाही, अशा प्रत्येक अडथळ्याची तारीखवार नोंद तिच्यात करायची आणि क्लायंटच्या प्रतिनिधीची सही घ्यायची. ही वही नीट लिहिलेली असली तर कंपनीला मुदतवाढ मिळते. नसली तर भरपाई कापली जाते, आणि ती अनेक करारांत कामाच्या रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मोठ्या प्रकल्पात दहा टक्के म्हणजे किती, ते तूच गुणून बघ. बीई झालेल्या बहुतेकांना ही वही म्हणजे कारकुनी वाटते. एमटेक झालेल्याला तिची किंमत कळते, आणि प्रोजेक्ट मॅनेजर तुला हळूहळू ओळखायला लागतो तो अशा गोष्टींवरून.

वर्गात दोन गट पडतात, प्रायोजित आणि गेटवाले. पहिले काही महिने थोडी खुन्नस असते. त्यांना वाटतं हे मागच्या दाराने आले, आपल्याला वाटतं यांना साइटचा गंध नाही. पहिल्या प्रोजेक्टपर्यंत ती विरते. गेटवाल्यांशी मैत्री नक्की ठेव, पुढे तेच लोक सल्लागाराच्या, क्लायंटच्या खुर्चीत भेटतात.

प्रबंधाचा विषय कंपनीच्या चालू कामातून निवडायला मिळाला तर घे. खरी आकडेवारी हाती लागते, आणि खऱ्या आकडेवारीवर काम केलेले एमटेक आपल्याकडे कमी आहेत. माझ्या प्रबंधासाठी एका पुलाच्या पायलिंगचा, म्हणजे पायासाठी जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब (पाइल) घालण्याचा, वेग मोजला होता. कुठे वेळ जातो हे शोधलं तर खोदाईपेक्षा जास्त वेळ दोन पाइलच्या मध्ये खोदाईचं यंत्र (रिग) हलवण्यात आणि काँक्रीटची वाट बघण्यात जात होता. कंपनीने तो अहवाल फडताळात ठेवून दिला. त्याचा मला तेव्हा राग आला होता. पण पुढे स्वतःच्या साइटवर मी तो वापरला, त्याचा हिशेब वेगळा.

इथपासून कडू भाग. कंपनीच्या शिष्यवृत्तीचं सोनं होणार की माती, हे संस्थेच्या नावापेक्षा पहिल्या पोस्टिंगवर ठरतं. एमटेक झालेली मुलं हातात आली की कंपन्यांना मोह होतो त्यांना प्लॅनिंग विभागात बसवायचा. वातानुकूलित केबिन, दोन स्क्रीन, रोजचा प्रगती अहवाल, महिन्याचं सादरीकरण. मुलगी असेल तर हा मोह दुप्पट, आणि वर 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' ही पुडी. माझ्या कंपनीने मला थेट मुख्य कार्यालयात ठेवलं. माझ्याबरोबर बीई झालेला आणि एमटेकला न गेलेला मुलगा तोवर दोन वर्षांनी पुढे गेला होता, मला मात्र जवळजवळ त्याच्या सुरुवातीच्याच श्रेणीत घेतलं होतं. एमटेकची दोन वर्षं सेवाज्येष्ठतेत धरणार का, हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. मी बरंच भांडले. श्रेणी काही बदलली नाही. पण खाडीवरच्या एका पुलाच्या प्रोजेक्ट मॅनेजरला पायलिंगला माणूस कमी होता, त्याने मला मागून घेतलं, आणि तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं.

म्हणून ऑफर स्वीकारताना दोन गोष्टी स्पष्ट करून घे. रुजू होताना श्रेणी कोणती आणि दोन वर्षं ज्येष्ठतेत धरणार का? आणि पहिली दोन वर्षं एक्झिक्युशनला, म्हणजे प्रत्यक्ष कामावर मिळतील का? दुसऱ्याची लेखी हमी कुणी देणार नाही. तरी तू मागितलीस याची नोंद राहते, आणि पोस्टिंगच्या वेळी ती आठवण करून देता येते. प्लॅनिंग वाईट नाही. पण काँक्रीट न बघता केलेलं प्लॅनिंग साइटवर कुणी मनावर घेत नाही. दिवसाला किती घनमीटर होईल हे फोरमन तोंडावर सांगतो आणि तुझा बारचार्ट चुकीचा ठरतो.

साइटवर तुझ्या पदवीचं कौतुक पहिला आठवडा टिकेल. 'एमटेक मॅडम' म्हणून चिडवतील, चिडवू दे. फिटर आणि फोरमनकडून शिकायला लाजू नकोस. पाइलमध्ये ट्रेमीने, म्हणजे तळापर्यंत जाणाऱ्या लांब पाइपने, काँक्रीट ओतताना पाइपचं टोक ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेलंच राहिलं पाहिजे, वर आलं की पाणी आणि माती आत जाते आणि पाइल वाया. हे पुस्तकात एका ओळीत आहे. पण पाइप किती वर घेतला याची नोंद कोण ठेवतो, शेवटचा ट्रक दोन तास अडकला तर काय करायचं, स्लम्प, म्हणजे काँक्रीटच्या पातळपणाचं माप, दीडशे मिलिमीटरच्या खाली आला असताना ट्रक परत पाठवायचा धीर कुणात असतो, हे रात्री दोन वाजता कळतं. परत पाठवलेल्या ट्रकचा पुरवठादार सकाळी मॅनेजरला फोन करतो. त्या वेळी तू मापं लिहून ठेवलेली असशील तर तुझं म्हणणं टिकतं.

मुलगी म्हणून जमेल का? जमतं. आमच्या वेळेपेक्षा बरंच सोपं झालंय, पण 'काही फरक नाही' असं मी म्हणणार नाही. पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा. पुलाच्या, रस्त्याच्या कामाला काही किलोमीटरची लांबी असते, आणि ऑफिसच्या आवारातलं स्वच्छतागृह तुझ्या कामाच्या जागेपासून कोसभर लांब असू शकतं. फिरतं स्वच्छतागृह मागायचं, पहिल्याच आठवड्यात मागायचं, संकोच करायचा नाही. तिथल्या मजूर बायकांचीही सोय त्यातून होते. दुसरा प्रश्न राहण्याचा. कंपनीचा कॅम्प असेल तर ठीक, आडगावात भाड्याची खोली शोधायची असेल तर ती कंपनीने शोधून द्यावी. तिसरा, लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती. २०१३ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं साइट ऑफिसच्या फलकावर आहेत का ते रुजू झाल्या दिवशी बघून घे. नसली तर तशी विचारणा कर, गरज पडायची वाट बघू नकोस.

मजूर आणि मुकादम यांचा त्रास तुला वाटतो तितका होत नाही. कामाचं माप नीट घेणारी आणि बिल वेळेवर पुढे सरकवणारी बाई त्यांना चालते, कारण त्यांची मजुरी तिच्यावर असते. अडचण जास्त येते ती आपल्याच बरोबरीच्या आणि वरच्या पुरुष इंजिनिअरांकडून. रात्री काँक्रीट ओतायच्या कामाला तुला न सांगता दुसऱ्याचं नाव टाकतील, भल्यासाठी म्हणून. तेव्हा तुझी पाळी तूच मागून घे. रात्रपाळी टाळलीस की महत्त्वाची कामं हळूहळू हातातून जातात, आणि वर्षाच्या शेवटी मूल्यमापनात 'अनुभव कमी' असं लिहिलेलं असतं.

राहिली मुलाखत. आम्ही पहिली दहा मिनिटं पाया तपासतो. अवघड प्रश्न क्वचितच असतो. तीस घनमीटरच्या स्लॅबला किती सॅम्पल? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तीन, आणि प्रत्येक सॅम्पलचे तीन क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे. सळईच्या वजनाला व्यासाचा वर्ग भागिले १६२ का? पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर घेऊन एक मीटर सळईचं वजन काढून दाखव, १६२ आपोआप येतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटला किती दिवसांनी काढायचे? सात, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा. हे आकडे पाठ असतात सगळ्यांना. आम्ही पुढे विचारतो, पाचव्या दिवशी ठेकेदार टेकू मागतोय, वरच्या मजल्याचं काम अडलंय, तू काय करशील? इथे 'नियम आहे, देणार नाही' एवढंच म्हणणारा अर्धे गुण घेतो. क्यूब पाच दिवसांनी तपासून पाहीन, डिझायनरला विचारेन, वरच्या मजल्याचा भार कशावर येणार ते बघेन, आणि तोवर दुसऱ्या टेकूंची सोय करता येते का पाहीन, असं बोलणारी मुलगी आम्हाला हवी असते.

'गेट का दिली नाही' हा प्रश्न हमखास येतो. 'अभ्यास चालू आहे, पण मला कामावर लवकर जायचंय' हे उत्तर खोटं नसेल तर पुरेसं आहे. सातवी-आठवी पिढी बांधकामात आहे, लहानपणापासून पूल बघून भारावले होते, असलं काही सांगू नकोस. त्यापेक्षा या महिन्यात एखादी साइट स्वतः जाऊन बघ. तुमच्या बाजूला रस्त्याची किंवा उड्डाणपुलाची कामं असतीलच. ठेकेदाराच्या इंजिनिअरला विनंती केलीस तर एक दिवस फिरवून आणतो. तिथे काय चालू होतं, काय पटलं नाही, आणि तू काय विचारलंस, एवढं नीट सांगता आलं तर मुलाखत निम्मी तिथेच होते. तुझ्या बीईच्या प्रोजेक्टचा विषय प्लॅस्टिक कचऱ्याचे पेव्हर ब्लॉक हा असेल, जो आजकाल दर तिसऱ्याचा असतो, तर निदान किती टक्के प्लॅस्टिकला ताकद किती घटली आणि का, हे स्वतःच्या चाचण्यांच्या आकड्यांवरून सांगता यायला हवं. गटातल्या दुसऱ्याने चाचण्या केल्या असतील तर तसं सरळ सांग. आम्हाला ते दोन प्रश्नांत कळतंच.

आणि यातलं काही जमलं नाही किंवा तू विचार करून नाही म्हणालीस, तर लगेच निराश होऊ नकोस. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या वेगळ्या असतात. त्या बहुतेक वेळा घरच्या उत्पन्नावर आणि गुणांवर मिळतात, आणि सहसा त्यात नोकरीचं बंधन नसतं. रक्कम लहान असते, पण गेट देऊन मिळालेल्या एमटेकला ती जोड म्हणून चालते. अशा जाहिरातीत कुठे सेवेची अट लिहिलेली दिसली, तर ती शिष्यवृत्ती कुठल्या पैशातून आहे हे आधी विचार.

मुलाखतीला येताना मागच्या सत्राची गुणपत्रिका, ओळखपत्र आणि प्रोजेक्टचा अहवाल एवढं आण. बाबांना बरोबर आणलंस तरी हरकत नाही, बाहेर बरेच पालक बसलेले असतात. आत मात्र पाच वर्षं साइटवर राहशील का, असं विचारलं की उत्तर त्यांच्याकडे न बघता देता आलं पाहिजे.